कोर्टाची ऑर्डर सोडा, दुसरे मंडळ बसवून घ्या

सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न: वडील 68 वर्षांचे. हृदय बंद पडून मेंदूचा रक्तपुरवठा थांबला, त्याला चार महिने झाले. गळ्यातून नळी, व्हेंटिलेटर. डोळे उघडतात, ओळख नाही. डॉक्टर खासगीत ‘ब्रेन डेडच समजा’ म्हणतात, पण व्हेंटिलेटर काढायला सांगितले की ‘कोर्टाची ऑर्डर आणा, नाहीतर डामावर (वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जच्या कागदावर) सही करून घरी न्या’. हायकोर्टात अर्ज कसा करायचा?

हा प्रश्न विचारणारे तुम्ही एकटे नाही, आणि बहुतेकांना रुग्णालयाने हेच चुकीचे दार दाखवलेले असते. हायकोर्टाच्या परवानगीची अट सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या अरुणा शानबाग निकालातली. त्याच कोर्टाच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 ला ती काढली आणि 24 जानेवारी 2023 ला उरलेली पद्धतही सोपी केली. आता निर्णय दोन वैद्यकीय मंडळांचा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना रुग्णालयाने अंमलबजावणीआधी फक्त कळवायचे असते. त्यांची परवानगी लागत नाही.

पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. हे मंडळ तुमच्याशी चर्चा करून तिची लेखी नोंद ठेवते आणि तुमची लेखी संमती घेते. ते बसवणे रुग्णालयाच्या हातात आहे. गाडी अडते ती दुसऱ्या मंडळापाशी. त्यात पहिल्या मंडळातले कोणी चालत नाही, आणि एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला लागतो. प्रकरण पुढे आल्यावर मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचे आहे, पण मंडळ बसवण्याबद्दल निकालात ‘ताबडतोब’ एवढेच आहे, दिवसांचा आकडा नाही. त्या ‘ताबडतोब’मध्ये महिने मुरतात आणि आयसीयूचे बिल चढत राहते.

म्हणून आजच रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या: 2023 च्या निकालाप्रमाणे दोन्ही मंडळे नेमा. प्रती जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी या दोघांनाही द्या, म्हणजे मुख्य वैद्यकीय अधिकारी कोण यावरून ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायला जागा राहणार नाही. तिन्ही ठिकाणी तारखेसह पोच घ्या. चार महिने तुम्ही सगळे तोंडी बोललात. एकही कागद नाही! आठवडाभरात हालचाल झाली नाही तर मग हायकोर्टात रिट याचिका करा, पण त्यात मागणी मंडळ बसवण्याच्या आदेशाची ठेवा, व्हेंटिलेटर काढण्याची नको. सांगलीसाठी आता मुंबई हायकोर्टाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. दुसऱ्या मंडळाने नकार दिला तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली तिथेच जायचे. कोर्ट तीन डॉक्टरांची स्वतंत्र समिती नेमू शकते.

डामावर सही करू नका. त्या कागदाचा अर्थ, वैद्यकीय सल्ला झुगारून तुम्ही पेशंट नेलात. उद्या एखाद्या नातेवाइकाने पोलिसात तक्रार केली तर रुग्णालय तो कागद पुढे करील आणि तुमच्याकडे दाखवायला काही नसेल.

‘ब्रेन डेड’ हा शब्दही अर्जात घालू नका. व्हेंटिलेटरचा आधार कमी केल्यावर वडील थोडा श्वास स्वतः घेतात, असे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे मेंदूस्तंभ, श्वास चालवणारा मेंदूचा भाग, मृत नाही. अवयवदानाच्या 1994 च्या कायद्यातला तो मृत्यू वेगळा: चार डॉक्टर, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. तुमच्या प्रकरणात मंडळाने ठरवायचे आहे ते बरे होण्याची आशा आहे की नाही, एवढेच. नळीने दिले जाणारे अन्नही थांबवायचे असेल तर तसे स्पष्ट मांडा, व्हेंटिलेटरच्या अर्जात ते गृहीत धरू नका. वेदनाशमन आणि शुश्रूषा मात्र शेवटपर्यंत चालू राहिली पाहिजे.

पुण्याच्या बहिणीची संमती नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी उरकून घेतलेत. जवळच्या नातेवाइकांत कोणाचा शब्द वरचढ, हे निकाल सांगत नाही. एकाच्या संमतीवर पुढे जाता येईल असे म्हणता येते, पण सख्खी मुलगी विरोधात असताना सही करणारे डॉक्टर मला फारसे भेटलेले नाहीत. तिला पहिल्या मंडळासमोर बसवा आणि तिचे म्हणणे नोंदीत येऊ द्या.

वडील नेहमी ‘मला मशीनवर ठेवू नका’ म्हणत. ते लिहून घेतले असते तर हा वाद इतका चिघळला नसता. आईचे तरी या आठवड्यात करून घ्या: दोन साक्षीदार, शक्यतो नात्याबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. निर्णय घेणाऱ्या म्हणून तुमच्याबरोबर बहिणीचेही नाव घाला. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेत द्या, तिचीही पोच घ्या.