साताऱ्यात अर्धा दिवस आहे. कास-ठोसेघर सोडून जुन्या पेठा पायी कशा बघाव्यात?

गाडी घेऊन पेठांत शिरू नका. गल्ल्या अरुंद, त्यात चढ. समोरून टेम्पो आला की मागे घ्यायलाही जागा उरत नाही. एसटी स्टँडवरून राजवाड्याला शहर बस किंवा रिक्षा मिळते. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा.

सुरुवात राजवाड्यापासून. शेजारीच प्रतापसिंह हायस्कूल: ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्या शाळेत दाखल झालं. तिथून मंगळवार तळं, मग मागे फिरून मोती चौक.

वाट चुकणारच, कारण पेठांच्या हद्दी पाटीवरून कळत नाहीत. मॅप बघत बसण्यापेक्षा अजिंक्यतारा शोधा. किल्ला शहराच्या दक्षिणेला, म्हणजे चढ लागला की तुम्ही दक्षिणेकडे चाललात. पत्ता विचारताना पेठेचं नाव पुरत नाही; चौक, तळं किंवा देऊळ सांगा.

कंदी पेढे मोती चौकात घ्या, पण आधी पाव किलोच. खवा चांगला भाजलेला, साखर बेताची, रंग तपकिरी असावा. पांढरट आणि नुसता गोड लागला तर पुढचं दुकान. (डबा बघून घेऊ नका, चव बघून घ्या.)

संध्याकाळी अदालत वाड्याच्या बाजूने चार भिंतीला चढा. १८५७ च्या वीरांचं हे स्मारक, आणि पायी फिरलेल्या सगळ्या पेठा तिथून एकदम दिसतात. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, चपला नकोत. अंधार पडायच्या आत उतरा.