भाऊ अमेरिकेत काउंटी जेलमध्ये आहे, भारतातून त्याच्याशी संपर्क कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की भावाला पकडून पाच दिवस झाले, अजून त्याचा आवाज ऐकलेला नाही, आणि नाशिकला आईबाबा फोन उशाशी घेऊन बसलेत. माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये चार महिने अकरा दिवस आत होता. कशासाठी ते इथे लिहीत नाही. प्रकरण मिटलं, तो आता बाहेर आहे. त्यामुळे वकिली सल्ला म्हणून नाही, बहिणीचा अनुभव म्हणून वाचा.

पहिली गोष्ट, तुम्ही त्याला फोन करू शकत नाही. तोच करणार. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा, आणि काउंटी जेल म्हणजे साधारण आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांची जागा: खटला चालू असलेले आणि छोट्या शिक्षेचे लोक. बहुतेक ठिकाणी ती शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असते, म्हणून नियम काउंटीगणिक बदलतात. शेरीफच्या वेबसाइटवर कैद्यांची यादी असते. त्यात नाव सापडलं नाही तर घाबरू नका, आपल्या नावांचा तिथे हमखास घोळ होतो. माझ्या भावाचं नाव वडिलांच्या नावाखाली चढलं होतं, आडनाव गायब. पासपोर्टवर आहे तसं, उलटसुलट करून शोधा. सापडलं की बुकिंग नंबर (अटकेच्या नोंदीचा क्रमांक) लिहून ठेवा, पुढे प्रत्येक खिडकीवर आधी तोच विचारतात. आमच्याकडे तो फ्रिजवरच्या कालनिर्णयच्या कडेला लिहिलेला होता. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

फोनची गंमत अशी (गंमत कसली!), अनोळखी नंबर येतो आणि यंत्र इंग्रजीत बोलायला लागतं. मी दोनदा स्पॅम समजून कापला. तिसऱ्यांदा त्या यंत्राच्या मधोमध भावाने स्वतःचं नाव सांगितलं तेव्हा हात कापायला लागले. ते पूर्ण ऐका, सांगतील ते बटण दाबा. पैसे आधी भरून ठेवायचं खातं लागतं, आणि ते त्या जेलने ज्या कंपनीला काम दिलंय तिच्याकडेच. बऱ्याच ठिकाणी भारतातला नंबर लागतच नाही. इंटरनेटवरून घेतलेले अमेरिकी नंबरही अनेकदा चालत नाहीत. म्हणजे अमेरिकेत खरा नंबर असलेला एक माणूस हवा: चुलतभाऊ, मित्र, कोणीही. तोच तुमचं पोस्ट ऑफिस.

दरांबद्दल विचारलंत. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० मध्ये काउंटी जेलचे फोन फुकट केले, मॅसॅच्युसेट्सने डिसेंबर २०२३ पासून. बाकी बऱ्याच ठिकाणी मिनिटाला पैसे पडतात. वॉशिंग्टनच्या मार्था राइट नावाच्या आजी तुरुंगातल्या नातवाशी फोनवर बोलणं परवडेना म्हणून २००० मध्ये कोर्टात गेल्या होत्या. त्यांचं नाव असलेला दरनियंत्रणाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला, तोवर त्या हयात नव्हत्या.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. पहिल्याच फोनवर मी विचारलं, ‘अरे, नक्की झालं काय?’ आणि तो सांगायला लागला. मराठीत. पंधरा मिनिटं संपून फोन तुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना मी मोठ्या उत्साहाने हे सांगितलं, तर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, फोन रेकॉर्ड होतो हे यंत्राने सांगितलं होतं ना? मी म्हटलं, पण आम्ही मराठीत बोलत होतो. त्या म्हणाल्या, सरकारी वकिलाला मराठी यायची गरज नाही, दुभाषा मिळतो. त्या रात्री मी जेवले नाही. आपली भाषा म्हणजे बंद दार, असं परदेशात राहून उगाच वाटायला लागतं.

तेव्हा त्याच्याशी केसबद्दल एक अक्षर नाही. फोनवर नाही, व्हिडिओवर नाही, पत्रात नाही. त्याने विषय काढला तरी ‘ते वकिलांशी बोल’ म्हणून तोडायचं, वाईट वाटलं तरी. वकिलाशी त्याचं बोलणं गोपनीय असतं, पण त्यासाठी वकिलाचा नंबर जेलकडे तसा नोंदलेला आहे ना, हे वकिलालाच बघायला सांगा. खासगी वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाचा मिळतो, आणि तो वाईटच असतो असं नाही. आमच्या बाई तशाच होत्या.

मग बोलायचं काय? घरचं. आमच्याकडे आईला थेट जोडून देता येत नव्हतं. तिसरा माणूस फोनवर घेतला की यंत्रणेला कळतं आणि लाइन तुटते, नियमातही बसत नाही. म्हणून आई साताऱ्याहून सकाळी मला सांगायची, मी वहीत तिच्याच शब्दांत लिहायची आणि संध्याकाळी त्याला वाचून दाखवायची. ‘त्याला म्हणावं गॅलरीतल्या मोगऱ्याला पहिली कळी आली. त्याला म्हणावं शेजारच्या काकूंनी पुन्हा आपल्याच दारासमोर गाडी लावली.’ काकूंच्या गाडीवर तो हसला. महिन्याभराने पहिल्यांदा. वेळही ठरवून घ्या. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. तो वार चुकला की तो दोन दिवस गप्प असायचा, हे नंतर त्याच्या सेलमधल्या मुलाने सांगितलं.

पत्रांचं सांगते. कुठे फक्त पोस्टकार्ड घेतात, कुठे पत्र स्कॅन करून कैद्याला पडद्यावर दाखवतात. आधी नियम वाचा. टॅबलेटवरून निरोप पाठवायची सोय होती, पण मी देवनागरीत लिहिलेला पहिला निरोप त्याला नुसता चौकोन चौकोन दिसला. मग रोमन लिपीत मराठी लिहायला लागले. पुस्तक पाठवायचं तर बहुतेक ठिकाणी नवं, पेपरबॅक आणि थेट विक्रेत्याकडून. घरची प्रत परत येते.

त्याच्या जेलमधल्या खात्यात थोडे पैसे टाकत राहा. त्यातून साबण, कॉफी, रामेन नूडल्सचे पुडे मिळतात. भाऊ शाकाहारी असेल तर त्याने स्वतः लेखी अर्ज करायचा, तुम्ही बाहेरून ओरडून उपयोग नाही. आणि ‘लगेच सोडवतो, गिफ्ट कार्डाचे नंबर सांगा’ असा फोन आला तर ठेवून द्या.

त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा त्याला हक्क आहे. भारताच्या बाबतीत हे आपोआप होत नाही, त्याने मागावं लागतं. तुम्ही तिकडून परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि जामिनाचे पैसे भरण्याआधी वकिलाला एकच विचारा: इमिग्रेशनवाल्यांनी त्याच्यावर होल्ड टाकलाय का? टाकला असेल तर जामीन भरूनही तो घरी न येता त्यांच्या ताब्यात जाऊ शकतो. गुन्हा कबूल करण्याबद्दल बोलणं निघालं तर त्यामुळे देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का हे वकिलाने त्याला सांगायलाच हवं, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे.

बाबांना घाईघाईने विमानात बसवू नका. टेक्सासमध्ये आठवड्याला किमान दोन भेटी, प्रत्येकी किमान २० मिनिटं, असा नियम आहे; त्याही काचेआडून किंवा पडद्यावर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काचेपलीकडे तो नारंगी कपड्यांत बसला होता, दाढी वाढलेली. रिसीव्हर उचलून त्याने विचारलं, ‘बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?’ त्याला त्रास नको म्हणून आम्ही ते लपवलं होतं. मी म्हटलं, झालं, डावा डोळा, मागच्या गुरुवारी. तो म्हणाला, मग वहीतून आईचं सगळं वाचलंस, हेच का गाळलंस?