बागेतल्या शंका : मुंग्या राहू द्या, कंद वर आणा

प्रश्न : ताई, आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा हौसेनं पिओनी या थंडीतल्या फुलझाडाचे तीन कंद लावले. पानं दरवर्षी हिरवीगार, कमरेपर्यंत येतात, पण फूल एकही नाही. दर वसंतात बुंध्यावर शेणखत घालते, बाजूच्या लॉनला खत टाकते तेही झाडाला मिळतं. शेजारणीकडे ताटलीएवढी फुलं, आणि कळ्यांवर मुंग्याच मुंग्या. आमच्याकडे मुंग्या फिरकत नाहीत, म्हणून फुलं येत नाहीत का?
— एक वाचक, मिशिगन

उत्तर : अहो, कळ्याच नाहीत तर मुंग्या कशाला येतील? पिओनीच्या कळीवरच्या हिरव्या पाकळ्यांतून गोड रस पाझरतो, त्याच्यासाठी त्या येतात. कळी उमलायला त्यांची गरज नसते आणि त्या झाडाला त्रासही देत नाहीत. फुलदाणीत ठेवायची फुलं कापलीत तर अंगणातच नीट झटका. मी एकदा तशीच आत आणली. पाहुणे जेवायला बसले होते आणि मुंग्या थेट श्रीखंडाच्या वाटीकडे निघाल्या.

तुमचं दुखणं मला ओळखीचं वाटतं, कारण मीही तेच केलं होतं. माहेर वाईचं, हळदीचे गड्डे लावलेले हात. पिओनीचा कंद हातात आला तसा चार-पाच बोटं खोल पुरून टाकला. चार उन्हाळे नुसती पानं. शेवटी शेजारच्या आजीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "उकरून बघ." उकरलं तर डोळे खोल गाडलेले. उसाच्या कांडीला असतात तसे लालसर डोळे या कंदाच्या डोक्यावर असतात. थंडीच्या मुलखात त्यांच्यावर एक ते दोन इंचच माती हवी. जास्त झाली की झाड पानं देतं आणि फुलांचं नाव काढत नाही.

तुम्ही कंद बरोबर लावले असतील तरी चार वर्षं बुंध्यावर शेणखताचे थर देऊन त्यांना आपल्याच हातांनी गाडलंय. त्यात लॉनचं खत म्हणजे नत्र, आणि नत्र म्हणजे पानंच पानं. आता बोटानं माती सारून डोळे किती खाली आहेत ते बघा. वरचं शेणखतच जास्त झालं असेल तर तेवढं बाजूला केलं की काम झालं. कंदच खोल असेल तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. मग देठ कापून, बुंध्यापासून फूटभर लांब काटेरी फावडं घालून कंद अख्खा उचला, धुवा. मोठा असेल तर धारदार सुरीनं फोडी करा, प्रत्येक फोडीला तीन ते पाच डोळे राहतील अशा. निदान सहा तास ऊन मिळेल अशी, पाणी न साठणारी जागा निवडा. पहिल्या वसंतात फुलं आली नाहीत तर रुसू नका, तिसऱ्या वर्षी भरून येईल. जमलं की मग हात लावू नका. हे झाड एका जागी पन्नास वर्षंही काढतं, फक्त सारखं उकरलेलं त्याला खपत नाही.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सवड काढून अ‍ॅन आर्बरच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या वृक्षोद्यानात जा. १९२२ मध्ये डब्ल्यू. ई. अपजॉन या औषध-उद्योजकांनी दिलेल्या रोपांपासून तिथली पिओनीची बाग सुरू झाली. 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' (१८५१) आणि 'सारा बर्नहार्ट' (१९०६) या जुन्या जाती आधी बघा, नर्सरीत मग जा.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत ही फुलं पाहिली आणि वेडच लागलं. येताना बॅगेत कंद आणून पुण्यात गच्चीवर कुंडीत लावू का? थंडीसाठी फ्रीजमध्ये ठेवीन.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नका हो. एक तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसताना कंद देशात आणता येत नाहीत. दुसरं म्हणजे याला कित्येक आठवडे पाच अंशांच्या आतबाहेरची सलग थंडी लागते. पुण्यातल्या जानेवारीची पहाट कितीही बोचरी असली तरी दुपारी आपण सावली शोधतोच. फ्रीजनं थंडी भागेल एखादवेळी, पण एप्रिलमधल्या गच्चीचं काय कराल? कुंडीत डेलिया लावा, मन भरेल. आणि पिओनीच बघायची तर आपल्याही देशात आहे : काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात 'पिओनिया इमोडी' ही जंगली जात, पांढरी एकेरी फुलं, मध्ये पिवळे केसर. वसंतात डोंगर चढायची तयारी ठेवा.

प्रश्न : पाऊस पडला की पिओनीची फुलं चिखलात लोळतात. उपाय?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दुहेरी पाकळ्यांचं फूल पाणी पिऊन जड होतं, देठाला पेलवत नाही. एप्रिलमध्ये कोंब वीतभर झाले की तारेचं कडं बसवा. उशिरा बसवलंत तर देठ मोडतील. मी टोमॅटोचा पिंजराच वापरते. शरदात पानं वाळली की देठ जमिनीलगत कापा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. करपा त्यात हिवाळा काढतो आणि पुढच्या मेमध्ये कळ्या काळ्या पडतात.