युद्धपटातला काळा विनोद: पहिल्यांदा लिहिताय तर

पहिलीच पटकथा आणि थेट युद्धपट, हे धाडस आवडलं!

विनोद मृत्यूवर नको. मृत्यू समोर असतानाही नियमांना चिकटून बसणाऱ्या माणसांवर हवा. आपण हास्यास्पद वागतोय हे पात्रांना कळता कामा नये. नवखे इथेच चुकतात, प्रत्येक सैनिकाच्या तोंडी चुरचुरीत वाक्य घालतात. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकने १९६४च्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ या अणुयुद्धावरच्या विनोदी चित्रपटासाठी युद्धकक्षात एकमेकांवर क्रीमचे ‘पाय’ (pie, केकसारखा गोड पदार्थ) फेकण्याचा मोठा प्रसंग चित्रित केला आणि शेवटी काढून टाकला. आवडता विनोदही असा कापता आला पाहिजे.

वेगळेपणासाठी धडपडू नका. रसद, टपाल, फाटके बूट, असं एकच छोटं काम धरा आणि अख्खं युद्ध त्यातून दाखवा.

बाकी तंत्र नंतर. आधी तीन पानांचा एकच प्रसंग लिहा, मोठ्याने वाचा.