बोली संपली, आता पार्सल कोणाकडे द्यायचं?

प्रश्न : मी निपाणीजवळ राहते. घरातली आणि ओळखीच्यांकडची जुनी पितळेची भांडी, समया, रेडिओ, कॅमेरे असं काय काय ऑनलाइन लिलावाला लावते. बोली लावणारे पुण्याचे असतात, बेंगळुरूचे असतात, कोल्हापूरचे तर खूपच. पार्सलचं मात्र गणित जमत नाही. एक कुरिअरवाला स्वस्त सांगतो, आणि नंतर वजन जास्त भरलं म्हणून पैसे कापून घेतो. एकच चांगली कंपनी सांगा, तिच्याकडेच सगळं देऊन टाकते. – एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, एकच नाव सांगितलं तर तुमचंच नुकसान होईल, कारण समई आणि रेडिओ या दोन वस्तूंना एकच कुरिअर कधीच परवडत नाही. वजनाचं आधी सांगते, पैसे तिथंच गेलेत तुमचे. कुरिअरवाले काट्यावरचं वजन बघतात आणि खोक्याचं मापही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० नं भागायचं, जो आकडा येतो तो किलो, आणि काट्यापेक्षा तो जास्त असेल तर बिल त्याच्यावर. तुमचा जुना रेडिओ काट्यावर ६ किलो भरला पण त्याला सगळीकडनं थर्माकोल लावून ५० बाय ३५ बाय ३० चं खोकं केलं की हिशेब साडेदहा किलोवर जातो. काही कंपन्या ५००० च्या जागी ४००० नं भागतात, मग तेच खोकं १३ किलोच्या वर. म्हणून किलोचा दर विचारायच्या आधी कशानं भागता ते विचारायचं. समईचं उलटं असतं, ती लहान आणि जड, तिला काट्याचंच वजन लागतं, त्यामुळं तिथं सरळ किलोचा दर स्वस्त असेल तो घ्या. बांधून झालं की खोकं काट्यावर ठेवून फोटो काढा, टेप लावूनही फोटो काढा. नंतर वजनाचा वाद आला तर दुसरं काही हातात नसतं.

आता आपल्या भागाची गोष्ट, ही पुण्या-मुंबईच्या कुणाला सांगून कळत नाही. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेंगळुरू साडेपाचशेच्या वर. पण बऱ्याच कुरिअरचे दर झोनवर असतात, म्हणजे गावातल्या गावात, राज्यात, जवळच्या विभागात, मोठ्या शहरांना, बाकीच्या भारतात असे. निपाणी कर्नाटकात, त्यामुळं राज्याची हद्द धरून झोन पाडलेला असेल तर आपल्याला कोल्हापूर परराज्य होतं आणि बेंगळुरू घरचं, आणि जवळच्या पार्सलला जास्त पैसे पडू शकतात. सगळ्यांचं असं नाही, कुणी कुणी अंतरही धरतात, म्हणून दराचं कार्ड बघत बसण्यापेक्षा दोन पिनकोड द्या, तुमचा निपाणीचा ५९१२३७ आणि कोल्हापूरचा ४१६००१, आणि जीएसटी, इंधनाचा आकार सगळं धरून शेवटचा आकडा काय तो सांगा म्हणा. स्पीड पोस्टाला राज्याशी काही देणंघेणं नाही. त्यांचे टप्पे किलोमीटरचे, म्हणजे स्थानिक, २०० पर्यंत, ५०० पर्यंत, १००० पर्यंत असे वर चढत जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, गोव्याकडची लहान पार्सलं असतील तर मी तरी आधी पोस्टाचाच दर काढीन, सीमेवर राहणाऱ्याला हा मोठा फायदा आहे आणि तो फार कमी लोक घेतात.

अजून एक. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच मिळवलंय, तेव्हा कुणी रजिस्टर करा म्हणालं तर गोंधळू नका, स्पीड पोस्ट करतानाच रजिस्ट्रेशन मागायचं, म्हणजे ज्याचं नाव त्याच्याच हातात देतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून ओटीपी दिल्यावरच डिलिव्हरी अशीही सोय आहे, ५ रुपये आणि वर जीएसटी. लिलावात ही फार कामाची, कारण पार्सल मिळालंच नाही असं म्हणणाऱ्याला दाखवायला पुरावा राहतो.

महागाची वस्तू असेल तर विमा काढल्याशिवाय कुठंच देऊ नका, अगदी कळकळीनं सांगते. पार्सल हरवलं तर कंपनी वस्तूची किंमत देईल असं आपल्याला वाटतं आणि ते खरं नसतं. विमा नसेल तर स्पीड पोस्टाची भरपाई म्हणजे भरलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. खाजगी कुरिअरच्या पावतीमागं बारीक अक्षरात अशीच मर्यादा घातलेली असते, ती काउंटरवरच वाचा. आठ हजाराला गेलेला कॅमेरा तुम्ही शे-दीडशे रुपयांच्या भाड्यावर पाठवणार आणि हरवला तर तीनशे हातात येणार, हे आधी माहीत असलेलं बरं. कॅमेऱ्यातला सेल काढून ठेवा, लिथियमचा असेल तर विमानाच्या मालात अडकतो.

आणि हे सगळं बोली सुरू व्हायच्या आधी करायचं ओ. वस्तू बांधा, मोजा, आणि वर्णनातच लिहा की महाराष्ट्रात इतकं भाडं, कर्नाटकात इतकं, विमा हवा असेल तर इतके जास्त. बोली जिंकल्यावर भाडं सांगितलं की घेणारा कुरकुरतो, आणि मग आपण लाजेखातर स्वस्तातलं कुरिअर शोधतो. पैसे घेतल्याशिवाय पाठवू नका, कॅश ऑन डिलिव्हरीत घेणाऱ्यानं दार उघडलं नाही तर जाण्याचं आणि परत येण्याचं दोन्ही भाडं आपल्या डोक्यावर.

जीएसटीचं पण बघून ठेवा. घरातलं जुनं सामान कधीमधी विकणं वेगळं, पण नेमानं विकत असाल तर तो धंदा धरला जातो, आणि परराज्यात माल विकला तर साधारणपणे उलाढाल कितीही लहान असो नोंदणी लागते, ठरावीक हस्तकलांना तेवढी सूट आहे. आपल्याला परराज्य म्हणजे कागल, तेव्हा एकदा सीएकडे जाऊन या.

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात जांबोटीकडं. कुरिअरचा माणूस पिकअपला येत नाही, आणि घेणाऱ्यानं परत पाठवलेलं एक पार्सल सांगली जिल्ह्यातल्या खानापूरला जाऊन आलं. लाकडी पाट, मापं आणि बांबूच्या टोपल्या लिलावात विकतो. – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : दादा, पिकअपची वाट बघू नका, जंगलाकडच्या गावांना खूप कंपन्या येत नाहीत आणि आल्या तरी लांबच्या भागाचा जादा आकार लावतात. चार-पाच पार्सलं साठली की खानापूरला किंवा बेळगावला स्वतः नेऊन द्या, आणि लिलावातच लिहून टाका की पार्सल आठवड्यातून एकदाच निघेल. घेणारे थांबतात, त्यांना फक्त आधी कळायला पाहिजे. टोपल्या एकात एक घालून पाठवता येतील अशाच जोड्या लावा, नाहीतर हवेचं भाडं भरावं लागेल. जड लाकडी सामान कुरिअरला देऊच नका, व्हीआरएलसारख्या ट्रान्सपोर्टला द्या, घेणाऱ्याला त्यांच्या गोडावनातून उचलावं लागेल एवढं आधी सांगा. एसटीच्या पार्सलवर मी भरवसा ठेवणार नाही, सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसा बंद होतात, २०२५ च्या फेब्रुवारीत झालंच की.

पत्त्याचं म्हणाल तर नुसतं खानापूर कधीच लिहायचं नाही. तालुका खानापूर, जिल्हा बेळगावी, कर्नाटक आणि पिनकोड, सगळं इंग्रजीत मोठ्या अक्षरात, खाली फोन नंबर. बेळगावातल्या शहापूरवाल्यांनी पण हे ध्यानात ठेवा, ठाणे जिल्ह्यात एक शहापूर आहे आणि यादगीरला पण आहे. पत्ता वाचणारा माणूस हुबळीचा असो की भिवंडीचा, तो पहिल्यांदा पिनकोडच बघतो.

प्रश्न : जुनी नाणी लिलावात लावतो. परदेशातनं बोली आलीय, कुठली सर्व्हिस चांगली? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी नाणं किती जुनं ते सांगा. १०० वर्षांच्या वरचं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग कुठलीच सर्व्हिस बघायची गरज नाही. अशा वस्तूंचा देशातल्या देशात धंदा करायलाही परवाना लागतो. त्यापेक्षा नवी असतील तर देशातच विका. स्पीड पोस्टानं पाठवा, पण विमा करूनच, आणि आत काय आहे ते काउंटरवर खरं सांगून. खाजगी कुरिअरमध्ये नाणी, सोनं, चांदी बहुतेक जण घेतच नाहीत, आणि लपवून पाठवलं आणि हरवलं तर दावा करता येत नाही. परदेशी बोली लावणाऱ्याला आजच कळवा, त्याला वाट बघत ठेवू नका.