नोर्स्टाइन आवडला म्हणून लगेच राजीनामा टाकू नकोस

अगं,

तुझा मेल आठवड्यापूर्वीच वाचला, उत्तर लगेच लिहिलंही होतं पण ते फार चिडून लिहिलेलं म्हणून डिलीट केलं. तू म्हणतेस स्टुडिओत दिवसभर दुसऱ्याच्या कॅरेक्टरचे हातपाय हलवून कंटाळलेय, परवा रात्री युरी नोर्स्टाइन ह्या रशियन अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाची धुक्यातला हेजहॉग (म्हणजे तो अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) ही फिल्म बघितली, रडले आणि आता नोकरी सोडून स्वतःची फिल्म करायचीय. रडलीस ते चांगलंच झालं. मी पण रडलो होतो, आडवे पट्टे पडलेल्या व्हीएचएस कॅसेटवर बघून. पण राजीनाम्याचं जरा थांब.

कारण त्या माणसाची अर्धीच गोष्ट सगळीकडे फिरते. जन्म 1941 चा, युद्धामुळे मॉस्कोतून हलवलेल्या घरातला, पेन्झाकडच्या एका खेड्यात. वाढला मॉस्कोच्या मारिना रोश्चा भागात, एकाच घरात बरीच कुटुंबं, म्हणजे आपल्या चाळीसारखंच समज. मग फर्निचरच्या कारखान्यात काम. मग सोयुझमुल्तफिल्म ह्या सरकारी स्टुडिओतला दोन वर्षांचा कोर्स आणि 1961 पासून तिथेच नोकरी, आणि ती नोकरी म्हणजे काय, तर तू करतेस तेच, दुसऱ्याच्या फिल्ममधली दुसऱ्याची पात्रं हलवायची. अशा पन्नासेक फिल्म्स आहेत त्याच्या नावावर! 1968 ला दिग्दर्शक म्हणून पहिली फिल्म, तीसुद्धा दुसऱ्या एका दिग्दर्शकाबरोबर मिळून. 1971 ला इव्हानोव-वानो ह्या बुजुर्गाबरोबर केर्झेनेत्सची लढाई, जुन्या रशियन भित्तिचित्रांतल्या आकृत्या घेऊन केलेली. मग कोल्हा आणि ससा, मग बगळा आणि क्रौंच, आणि मग कुठे 1975 ला तुझा हेजहॉग. म्हणजे चौदा वर्षं. तुझी अडीच झालीत, ती पण मधे तीन महिने गावी होतीस ते धरून.

(आणि त्याला साळिंदर म्हणू नकोस गं, साळिंदर वेगळं. आपल्याकडे ह्याला रोजच्या बोलण्यातलं नाव नाही म्हणून हेजहॉगच म्हणूया.)

आता ते धुकं. तू विचारलंयस कुठलं सॉफ्टवेअर वापरून तसं धुकं येईल. येईल की, पार्टिकल वगैरे करून येईल, पण त्याने काय केलं ते आधी ऐक. कॅमेरा वर, तोंड खाली. त्याच्याखाली एकावर एक काचा, मधे अंतर ठेवून, आणि त्या काचा आडव्याही सरकतात आणि वरखालीही. हेजहॉग म्हणजे कापलेले छोटे छोटे तुकडे, नाक वेगळं, पंजा वेगळा, चिमट्याने हलवायचे. आणि धुकं म्हणजे एकदम पातळ अर्धपारदर्शक कागद, तो चित्राच्या वर धरून एकेक फ्रेमला थोडा थोडा कॅमेऱ्याकडे उचलत न्यायचा. कागद वर येतो तसतसं खालचं चित्र पुसट होत जातं. झालं धुकं! तो पांढरा घोडा विरघळल्यासारखा दिसतो ना, ते एवढंच आहे. कॅमेऱ्यामागे झुकोव्स्की होता, आणि चित्रं सगळी फ्रांचेस्का यार्बुसोवाची, नोर्स्टाइनची बायको, जिचं नाव तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही. हेजहॉगचा तो चेहरा तिच्या हातचा आहे, तेवढं लक्षात ठेव.

हे वाचून मी एकदा घरी करून बघितलं होतं. शोकेसच्या दोन काचा काढल्या, मधे डिक्शनऱ्या रचल्या, किचनमधला बटर पेपर, आईने आधीच विचारलं होतं की चकल्या कशावर घालू. दोन तास लावून एका माणसाचे सतरा तुकडे कापले, मांडले, आणि नेमका भाऊ आला आणि म्हणाला काय उकडतंय, आणि पंखा लावला. एक हात सोफ्याखाली सापडला, दुसरा आजपर्यंत नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कागद काचेपासून दोन बोटं वर असला तर धुकं आणि वीतभर वर गेला की नुसतंच पांढरं. हे मॉनिटरवर मला दहा वर्षांत कळलं नव्हतं, कारण तिथे स्लायडर असतो आणि अनडू असतो.

आणि त्याची 1979 ची फिल्म बघ, गोष्टींची गोष्ट, अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे. रशियन अंगाईत एक छोटा लांडगा येतो, पलंगाच्या कडेला झोपलास तर येऊन उचलून नेईल म्हणून, आपला बागुलबुवाच, तर तो त्यात आहे. पण मी सांगतोय ते टँगोचं. दिव्याखाली जोड्या नाचतायत, गाणं मधेच अडकतं, आणि एक पुरुष गायब, बाईचे हात तसेच अधांतरी. गाणं पुन्हा सुरू. पुन्हा अडकतं, पुन्हा एक गायब. युद्धावर गेले. तोफ नाही, रक्त नाही, एकाही बाईचा क्लोजअप नाही, कटआऊटमधून एक तुकडा उचलून घेतला बस. हा शॉट मी वर्गात दाखवतो तेव्हा मोबाईल खाली ठेवले जातात.

बरं, आता तू जिथे त्याला हिरो करून ठेवलंयस तिथे येऊ. 1981 ला त्याने गोगोल ह्या रशियन लेखकाच्या ओव्हरकोट कथेवर फिल्म करायला घेतली. 1984 ला लॉस एंजेलिसला मतदान झालं त्यात गोष्टींची गोष्ट ही आजवरची सगळ्यात चांगली अ‍ॅनिमेशन फिल्म ठरली, आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत स्टुडिओने त्याला काढलं, फार हळू काम करतोस म्हणून, तोपर्यंत जेमतेम दहा मिनिटं तयार होती. तू लिहिलंयस की बघा, खरा कलाकार तडजोड करत नाही. मान्य. पण ओव्हरकोट चाळीस वर्षांनंतरही पूर्ण नाहीये. जेवढं दिसलंय ते थक्क करणारं आहे, एक म्हातारा कारकून नुसता घरी येतो, बसतो, लिहितो, आणि आपण श्वास धरून बघतो, पण फिल्म नाहीये ती अजून. मला त्याचा आदर आहे आणि मला त्याचा रागही येतो, दोन्ही. आणि हळू काम करणं हा गुण आहे असं मला तरी वाटत नाही गं, त्याच्या आधीच्या फिल्म्स पूर्ण झाल्या, रिळं डब्यात गेली, म्हणून आपण आज त्याच्याबद्दल बोलतोय. शिवाय ती सोव्हिएत सरकारी नोकरी होती, पगार येत होता. तुझं घरभाडं कोण भरणार, मी तर नाही भरणार.

मी पण एकदा असाच राजीनामा दिला होता, एका स्टुडिओत, तिशीच्या आत. आठ महिने घरी. चार मिनिटांची फिल्म ठरवली होती, एकोणीस सेकंदं झाली. अजून आहेत हार्ड डिस्कवर, कुणाला दाखवत नाही.

म्हणून सांगतो, नोकरी ठेव. तिथे ते बोअरिंग वॉक सायकल, म्हणजे पात्राच्या चालण्याची पुन्हा पुन्हा फिरणारी हालचाल, येतात ना, त्यातला वजनाचा भाग नीट बघ, टाच टेकताना कंबर किती खाली जाते ते, ते पुढे कागदावर कामाला येणार आहे. आणि रविवारी दुपारी दोन काचा घे, बटर पेपर घे, दहा सेकंदांचा एकच शॉट कर. तुझ्या आजीचा, तू मागे सांगितलेलास तो, विहिरीवरून येतानाचा. सेकंदाला बारा फ्रेमने केलास तरी एकशेवीस फोटो होतात, मोबाईल स्टँडला घट्ट बांध, लाईट खिडकीचा घेऊ नकोस कारण ऊन सरकतं, दोन टेबललॅम्प लाव. तुकडे जाड कागदाचे काप, मागे काळं मार्कर फिरव म्हणजे कडा चमकत नाहीत. पंधरा दिवसांनी मला पाठव, जसा असेल तसा, एडिट न करता.

आणि पंखा बंद ठेव.

तुझा
सर