'समान वाटप' प्रत्यक्षात कुठे झालंय का, की ते फक्त भाषणापुरतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, 'ज्याच्याकडे काहीच नाही त्याला वाटा द्यायचा, म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या ताटातलंच काढायचं ना?' त्यावर मला माझं आजोळ आठवलं, म्हणून लिहायला बसलो.

आजोळ पुरंदर तालुक्यातलं. सीताफळ, अंजीर, वाटाणा म्हटलं की लोकांना सासवड आठवतं, पण मुळात हा पाऊस हुलकावणी देणारा पट्टा. 1972 च्या दुष्काळात इथली चांगली बागायत कसणारी माणसंसुद्धा खडी फोडायला गेली. पुण्यातले एक कारखानदार इंजिनिअर, विलासराव साळुंखे, यांनी ते पाहिलं आणि 1974 मध्ये नायगावला देवस्थानची 40 एकर माळजमीन कराराने घेतली. आधी बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहीर, आणि मग पाणी कुणाला किती हा प्रश्न. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम आजही वाचले तर दचकायला होतं. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मोजायचं: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. म्हणजे तुमच्याकडे तीन एकर असो की तीस, पाणी अडीचच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस-केळी लावायची नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा सभासदांनी भरायचा. आणि ज्याला जमीन नाही, त्यालाही पाणी.

या शेवटच्या नियमाला सगळे हसायचे. भूमिहीन माणूस पाणी घेऊन काय करणार, अंगणात ओतणार?

मामाकडे अकरा एकर होती. पाणी पंचायतीच्या गटाच्या उपसा योजनेतून त्यातली अडीच भिजायची, साडेआठ तशीच कोरडी. वेशीपाशी एक शेळ्या राखणारं कुटुंब होतं, घरात चार माणसं, म्हणजे दोन एकरांचं पाणी आणि जमीन गुंठाभरही नाही. एका रब्बीत मामा, जो एरवी त्यांना 'ए' म्हणून हाक मारायचा, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. म्हणाला, "तात्या, तुमचं पाणी माझ्या रानात आणा, निम्मं पीक तुमचं." तात्यांनी लगेच हो म्हटलं नाही. "घरात विचारतो," म्हणाले. दुसऱ्या एकानेही विचारणा केली होती! मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. कोण कोणाच्या ओट्यावर गेलं हे मामीने पुढे कितीतरी दिवस हसत हसत सांगितलं, मामा मात्र त्यावर हसल्याचं मला आठवत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मामाच्या ताटातलं काही गेलं नाही. ते पाणी मुळात त्याचं नव्हतंच, ओढ्याचं होतं. फक्त मोजायचं काय, एकर की तोंडं, हे एकदा बदललं आणि तात्यांच्या हातात भांडवल आलं. उलट मामाची पडीक जमीन पिकली. मी याला दानधर्म म्हणणार नाही, हा सरळ व्यवहार होता.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल हा प्रचारक आहे. आजोळची योजना आज बंद आहे. मोटार जळायची, वर्गणीवरून भांडणं व्हायची, विजेचं बिल थकायचं. ज्यांच्या हातात पैसा आला त्यांनी स्वतःची बोअर मारली, आणि बोअर मारलेला माणूस गटाच्या बैठकीला कशाला येईल? पोरं जेजुरीच्या एमआयडीसीत आणि पुण्यात लागली. सगळ्याच योजनांचं असं झालं असं नाही, पण आमचं झालं.

ऊसबंदीच्या नियमालाही दुसरी बाजू आहे. राज्यात पेरणीच्या जेमतेम चार टक्के क्षेत्रावर ऊस, आणि सिंचनाच्या पाण्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा त्याचा, हा आकडा आता सरकारी अहवालांतही सर्रास दिसतो. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात तर शासन ठरवेल त्या भागात बारमाही पिकाला ठिबक, तुषार अशा पाणी वाचवणाऱ्या पद्धतीशिवाय कालव्याचं पाणी देऊ नये अशी तरतूदही आहे. पण शेतकरी ऊस हौसेने लावत नाही. उसाला ठरलेला भाव आहे आणि न्यायला कारखाना आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र शोधत फिरावं लागतं. कांद्याबद्दल तर बोलायलाच नको. पाणी पंचायतीची ऊसबंदी जिथे टिकली तिथे ती गटाच्या धाकाने टिकली. ज्वारी-बाजरीच्या भावाची सोय न करता नुसती बंदी सांगणाऱ्या पर्यावरणप्रेमींवर म्हणूनच माझा फारसा विश्वास नाही, मनाने मी त्यांच्याच बाजूचा असलो तरी.

आता तालुक्यात मुळा-मुठेचं पाणी पंपांनी उचलून वर आणलं जातं. पुणेकरांच्या आंघोळीचं, असं लोक चेष्टेने म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. पाणी आलं याचा आनंदच आहे, मामाच्या मुलानेही घेतलंय. कालव्याच्या पाण्यासाठी पाटबंधारे खात्याकडे जो अर्ज करतात, त्याला आपल्याकडे नमुना सात म्हणतात. मागच्या दिवाळीत मी तो त्याला भरून दिला. जमिनीचा गट नंबर, पीक, क्षेत्र. घरात माणसं किती, असा रकाना त्यात नाही. तात्यांचा नातू तिथेच गाडी पुसत उभा होता, त्याने विचारलं, "दादा, आम्ही काय भरायचं?"